हिवाळ्यात तबेल्यात हुडहुडी भरते, घोड्यावर पाय बधिर होतात: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

निफाडजवळ आमचा सात घोड्यांचा तबेला आहे. नोव्हेंबर संपत आला की शिकायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "ताई, दोन स्वेटर घातलेत, तरी हुडहुडी जात नाही." दुसऱ्या दिवशी तोच माणूस तीन स्वेटर घालून येतो आणि आदल्या दिवसापेक्षा जास्त कुडकुडतो. मी हसत नाही, कारण पहिले दोन हिवाळे मीही असेच काढलेत.

इकडची थंडी मुंबईच्या पाहुण्यांना खरी वाटत नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंशांवर उतरला होता, शिवारात दव गोठलं होतं. इतकं टोक दर वर्षी गाठलं जात नाही, पण पहाटेचे सहा-सात अंश आम्हाला नवे नाहीत. द्राक्षवाले मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात, त्याच वेळी आम्ही लीद उचलत असतो. खालचं सगळं या अशा पहाटेसाठी आहे.

आधी लक्षणं नीट सांगा

"थंडी वाजते" एवढ्यावरून काही कळत नाही. कुठे वाजते आणि कधी वाजते, यावर सगळं आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी साधारण अशा असतात:

- तबेल्यात पोचतानाच गारठलेले असता, मग सकाळभर अंगात ऊब येतच नाही.
- लीद काढताना मस्त गरम वाटतं. घोड्यावर बसलं की दहा-पंधरा मिनिटांत पाठ गार पडते.
- बोटं वळत नाहीत. तंगाचं, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याचं, बक्कल निघता निघत नाही.
- रिकिबीत (खोगिराला लटकणाऱ्या, पाय ठेवायच्या कडीत) पाय वीसेक मिनिटांत बधिर होतात. उतरताना जमिनीला लागलेला पाय आपला नाहीच, असं वाटतं.
- काम करताना काहीच त्रास नाही, पण घरी चहाला बसलं की थडथड सुरू.

पहिल्याचं कारण रस्त्यावर असतं. दुसऱ्याचं आणि पाचव्याचं कारण एकच, घाम. तिसऱ्याचं बहुतेकदा पाणी आणि चौथ्याचं बूट. तरी तपासणी वरून खाली, फुकटातल्या गोष्टींपासून करत या. दुकानात जायची वेळ निम्म्या लोकांवर येत नाही.

१. तबेल्यापर्यंत येता कसे?

मोटरसायकलवर येत असाल तर पहिला संशय तिथेच. हवा पाच अंश आणि गाडी ताशी पन्नासच्या वेगात असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे एक अंशासारखी लागते. अर्धा तास असं आलात की शरीर हातापायांचं रक्त आत ओढून घेतं. मग तबेल्यात कितीही कपडे चढवा, गारठलेल्या बोटांत रक्त परत यायला वेळ लागतोच.

उपाय जुना आहे आणि इकडचे दूधवाले वर्षानुवर्षं करतात. वर्तमानपत्राची चार-पाच पानं जाकिटाच्या आत, छातीवर आडवी. वारा कागदातून शिरत नाही. पोचल्यावर तीच पानं ओले बूट सुकवायला बुटात कोंबायची. दोन पानं गुडघ्यांवर, पँटच्या आत घातली तर आणखी बरं, फक्त चालताना कुरकुर वाजतं आणि नवी घोडी कान टवकारतात. आमची एक काठियावाडी तर पहिल्या दिवशी मला ओळखायलाच तयार नव्हती.

पोचल्यावर लगेच कामाला हात घालू नका, आधी दोन मिनिटं तबेल्याभोवती झपाझप चाला. हे केल्यावर फरक पडला तर पुढचं वाचायचीही गरज नाही.

२. पाठीला हात लावून बघा

नव्वद टक्के गडबड इथे आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमच्या तबेल्यात घोड्यांची निगा राखणारे एक मोतद्दार आहेत, वय साठीच्या पुढे, सगळे त्यांना मामा म्हणतात. माझ्या दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी कानटोपी, दोन स्वेटर, वर जाकीट अशा थाटात घमेली भरभरून लीद बाहेर टाकत होते. मामा मागून आले आणि म्हणाले, "ताई, पाठीला हात लावून बघा." मी सदऱ्यात हात घालून दोन खांद्यांच्या मधोमध लावला. ओलं. चांगलं पिळून निघेल असं ओलं. मामांच्या अंगात त्या वेळी एक पातळ सदरा होता. त्यांचा स्वेटर आणि घोंगडी खुंटीला टांगलेली होती, कोरडी, रपेटीसाठी राखून ठेवलेली.

फावडं मारणं, पेंढा पसरणं, पाण्याच्या बादल्या वाहणं हे अंगमेहनतीचं काम आहे. जाड कपड्यांत पाच मिनिटांत घाम फुटतो. तो तेव्हा कळत नाही, कारण अंग गरमच असतं. मग तुम्ही घोड्यावर बसता. घोडा चालीत (साध्या चालण्यात) असेल तर मेहनत तो करतो, तुम्ही नुसते बसलेले. अंगातली भट्टी मंदावते, पाठीवरचा ओला कपडा मात्र तसाच असतो, आणि पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने ऊब वाहून नेतं. वर वारा. दुडकी चालीत ताशी बाराएक किलोमीटर, दौडीत वीसच्या आसपास. पाच अंशांच्या हवेत वीसच्या वेगाने दौडलात तर तोंडाला एक अंश असल्यासारखं झोंबतं. ओली पाठ आणि हा वारा एकत्र आले की तिसरा स्वेटर काय करणार? त्याने घाम आणखी वाढवलेला असतो.

करायचं एवढंच:

फावडं हातात घ्यायच्या आधी वरचे कपडे काढा, घाम आल्यावर नव्हे. सुरुवातीची तीन-चार मिनिटं थोडं गार वाटलं पाहिजे. वाटत नसेल तर अजून एक कपडा जास्त आहे. काढलेले कपडे कोरड्या जागी टांगा, गव्हाणीवर टाकू नका, घोडा त्यावर शिंकतो. काम आटपलं की पुन्हा पाठीला हात लावा. ओलसर लागली तर आतला सदरा बदला. बदलायचा सदरा पिशवीत रोज हवाच. घोड्यावर बसायच्या आधी बदलायचा, नंतर नाही. बायकांना तबेल्यात आडोसा मिळत नाही ही अडचण खरी आहे. आम्ही दाण्याच्या खोलीला आतून कडी बसवून घेतली, सगळ्या हिवाळ्यातला सर्वांत उपयोगी खर्च तोच.

घरी आल्यावर थडथडणाऱ्यांचंही हेच. रपेट संपते, गप्पा रंगतात, ओला सदरा अंगावरच सुकतो आणि सुकताना अंगातली ऊब घेऊन जातो.

घोड्यालाही हाच नियम आहे. घामेजलेल्या घोड्यावर लगेच जाड झूल टाकू नका. आधी दहा-पंधरा मिनिटं चालवा, पेंढ्याच्या बोळ्याने अंग चोळून कोरडं करा, मग झूल.

३. बादली कुठून भरता?

बोटं वळत नसतील तर आधी हे बघा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी रात्रभर उघड्या आभाळाखाली असतं, पहाटे त्यात हात घातला की कळ थेट कोपरापर्यंत जाते. बोअरचं किंवा विहिरीचं पाणी जमिनीच्या पोटातून येतं, त्याचं तापमान वर्षभर फारसं बदलत नाही. पहाटे त्याच्यावर वाफ दिसते आणि हात घातला तर कोमट लागतं. सकाळच्या बादल्या मोटर चालू करून थेट भरा, टाकीच्या नळाने नको. घोडाही कोमट पाणी जास्त पितो, त्याचं महत्त्व शेवटी सांगते.

हातमोज्यांचे दोन जोड ठेवा. लोकरीचे कामाला, कारण थोडे ओले झाले तरी ऊब धरतात. लगाम धरायला मात्र लोकर नको, ती घसरते. तिथे तळव्याला पकड असलेले पातळ मोजे बरे. पाण्याच्या कामाला वरून भांडी घासायचे रबरी मोजे चढवा, दिसायला कसेही दिसोत. आणि लगामाची लोखंडी कडी घोड्याच्या तोंडात देण्याआधी दोन्ही मुठींत धरून गरम करा. हात गार होतील, पण गोठलेलं लोखंड जिभेवर ठेवलेलं घोडा विसरत नाही. दुसऱ्या दिवशी लगाम दिसला की मान वर करतो.

४. पोटात काय आहे?

रिकाम्या पोटी आलात तर अंग तापणार कशावर? शिळी बाजरीची भाकरी, तिळाची चटणी, गुळाचा खडा, एवढं पुरतं. चहा जरूर प्या, त्याने हात शेकतात.

बिडी-सिगारेटने गरम वाटतं हा भ्रम आहे. तंबाखूने बोटांच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं आणखी गार पडतात. दारूचं उलटं, कातडीकडे रक्त येतं, गरम वाटतं आणि अंगातली ऊब बाहेर निघून जाते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दत्तजयंतीच्या आसपास तापीकाठी राहुट्यांत रात्र काढली की दोन्ही प्रकारची माणसं भेटतात, आणि पहाटे सगळ्यात जास्त कुडकुडणारीही तीच असतात.

५. बुटात बोटं हलतात का?

बूट घालून उभे राहा आणि पायाची बोटं वरखाली करा. हलत नसतील तर निदान झालं.

पाय गारठले की लोक मोज्यांवर मोजे चढवतात. बूट तोच. मग पाय आवळला जातो, रक्त कमी पोचतं आणि मोज्यांत अडकलेली हवा, जी खरी ऊब धरते, ती दाबून निघून जाते. त्यात रिकीब. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. घोड्यावर पाय लोंबकळत असतो आणि सगळा भार चवड्याखालच्या थंड लोखंडी पट्टीवर. म्हणून पाय सगळ्यात आधी बधिर होतात.

एक मोजा काढा. एकच, लोकरीचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा. पुष्कळांचं काम इथेच होतं.

मग तळवा. आमच्याकडे जुनी घोंगडी फाटली की मामा तिचा तुकडा टाकत नाहीत. बुटातली मूळची गादी बाहेर काढायची, ती घोंगडीवर ठेवून कोळशाने रेघ मारायची आणि कात्रीने कापायचं. कापताना रेघेच्या किंचित आत कापा, नाहीतर कड दुमडते आणि तासाभरात फोड येतो. मूळची गादी काढूनच हा तुकडा घाला. दोन्ही ठेवलंत तर बूट परत आवळला. दख्खनी मेंढीची लोकर खरखरीत असते, मोज्यातूनही पहिले दोन दिवस टोचते, मग बसते. रोज संध्याकाळी बाहेर काढून सुकवा.

आणि उभे कशावर राहता? शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर उभं राहून अर्धा तास खरारा केला (घोड्याचं अंग घासून साफ केलं) तर बुटाच्या तळातून ऊब जातेच. खाली दुमडलेलं गोणपाट टाका किंवा थोडा पेंढा. घोडा पेंढ्यावर उभा असतो आणि आपण फरशीवर, हे मला फार उशिरा सुचलं.

बूट मोठे घ्यायचे असतील तर रिकीब मोजूनच घ्या. बुटाच्या दोन्ही बाजूंना साधारण बोटभर जागा सुटली पाहिजे. थंडीसाठी घेतलेला गलेलठ्ठ बूट रिकिबीत अडकला आणि तुम्ही पडलात तर घोडा फरफटत नेईल. गमबूट घालून तर बसूच नका. धुवायच्या कामाला ते ठीक.

६. अंगाला लागून काय आहे?

इथून खर्च सुरू. बाजारात थंडीचे म्हणून मिळणारे आतले कपडे पुष्कळदा सुती असतात. रात्री झोपायला चांगले, आपल्या कामाला वाईट, कारण सूत घाम पितं आणि धरून ठेवतं. आतला थर पॉलिएस्टरचा, खेळाडू घालतात तसा, किंवा परवडत असेल तर मऊ लोकरीचा. लेबल वाचा, दुकानदाराच्या "एकदम गरम" वर जाऊ नका. त्यावर लोकरीचा स्वेटर किंवा फ्लीस. तो थर काढता-घालता आला पाहिजे, म्हणून डोक्यातून घालायच्या स्वेटरपेक्षा चेनचा बरा.

७. वारा कुठून शिरतो?

बाहेरचं जाकीट पातळ असलं तरी चालेल, वारा अडवणारं हवं. पावसाळी रेनकोट घालू नका, आत घामाची आंघोळ होते. घोड्यावर पुढे वाकलं की कमरेवर चार बोटांची फट पडते, ती बघा. सदरा आत खोचलेला हवा. मानेला पातळ कापडाची नळी घाला. मफलर आणि शालीची टोकं मोकळी सोडू नका, खोगिरात किंवा फांदीत अडकतात.

हेल्मेटखाली जाड कानटोपी नको, हेल्मेट नीट बसत नाही आणि पडल्यावर सरकतं. माकडटोपीने मागची चाहूल येत नाही, घोड्यांभोवती वावरताना ते बरं नव्हे. पातळ पट्टीने कान झाकले की भागतं.

८. बसण्याची पद्धत बदला

कपडे ठीक आहेत आणि तरीही पाय बधिर होत असतील तर रपेटीचा क्रम बघा. पंधरा मिनिटं सलग चालीत बसू नका. मध्येच दुडकी घ्या, त्यात उठबस होते आणि मांड्या तापतात. घोडा शांत असेल आणि शिकवणारा जवळ असेल तर चालीत रिकिबी सोडून घोटे गोल फिरवा. त्यानेही नाही झालं तर उतरा, लगाम हातात घ्या आणि पाच मिनिटं घोड्यासोबत चाला. त्यात कमीपणा काही नाही. बधिर पायाने रिकीब कुठे आहे ते कळत नाही, आणि त्यापेक्षा चाललेलं केव्हाही बरं.

९. तबेला

उत्तरेकडच्या बाजूला गोणपाटाचे पडदे लावा, पण छताखालची फट उघडी ठेवा. सगळं बंद केलंत तर मुताचा उग्र वास कोंडतो आणि घोड्यांना खोकला लागतो. धडधाकट घोड्याला पाच अंशांपर्यंत विशेष काही वाटत नाही. कडब्याच्या पचनातूनच त्याच्या पोटात ऊब तयार होते, म्हणून थंडीत चंदी (दाणा) वाढवण्यापेक्षा रात्रीचा कडबा वाढवा.

तबेल्याच्या आत शेकोटी नाही. कडब्याच्या गंजीजवळही नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर मुळीच नाही. तिच्या वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही. शेकायचं असेल तर उघड्यावर, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, पाण्याची बादली शेजारी ठेवून. बधिर पाय जाळाजवळ नेऊ नका, भाजलेलं कळत नाही. काखेत हात, कोमट पाण्यात पाय, इतकंच. विजेचा हीटर किंवा दिवा लावायचा असेल तर वायरमनला बोलवा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीवर स्वतः चिकटपट्टी गुंडाळत बसू नका.

इथे थांबा

वरचं सगळं आठवडाभर करूनही हातपाय गारच राहत असतील, तर बिघाड कपड्यांत नाही. डॉक्टरांकडे जाऊन रक्त तपासा: हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीचा हिवाळा लोहाच्या गोळ्यांनी सुधारला, तोवर तिने तीन जाकिटं घेतली होती. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही हात गार पडतात. गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. बोटं पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील, किंवा पायाच्या बोटांवर खाजणारे, दुखरे लालसर फुगवटे येत असतील, तर तेही दाखवायचं. मधुमेह असेल आणि पाय बधिर होत असतील तर घरी गरम पाण्याची पिशवी लावण्याआधी दाखवा.

आणि एक गोष्ट लगेच करायची. कुणी खूप थडथडत असताना थडथड अचानक थांबली, बोलणं अडखळायला लागलं, साधी गाठ सुटेना, पाय लटपटले, तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या बरंच खाली गेलं की असं होतं. त्याला घोड्यावरून उतरवा, ओले कपडे काढा, कोरड्या घोंगडीत गुंडाळा, जोरात चोळू नका, शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तरच गोड चहा द्या, आणि १०८ ला फोन करा.

घोड्याचंही एक. थंडीत घोडे पाणी कमी पितात, आतडं कोरडं पडतं आणि पोट अडकतं. रात्रीची बादली सकाळी तशीच भरलेली, लीद कमी किंवा सुकी, घोडा वळून कुशीकडे बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, असं दिसलं तर रपेट रद्द. खाणं काढून घ्या आणि पशुवैद्यांना बोलवा. ओवा-हिंगाचे प्रयोग करण्यात दोन तास घालवू नका. आमच्या सगळ्यात म्हाताऱ्या घोडीच्या बादलीवर मामांनी आतून खडूने रेघ मारलीय, आणि पहाटे तबेल्यात शिरल्यावर चहाच्या आधी ते तीच बघतात.